बाळ आणि बार

तिसऱ्या अंकात नायिकेचं बाळ हरवतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात कुणाचं ना कुणाचं काहीतरी हरवावंच लागतं; बाळ, मंगळसूत्र, सातबारा, यांपैकी एक तरी. रात्रीचे पावणेतीन झालेले असतात. नायिका पुण्याकडून आलेली आहे, तिचे उच्चार धुऊन वाळत घातल्यासारखे स्वच्छ आहेत. पदर डोळ्यांना लावत ती रंगमंचाच्या मध्यावर येते. ऑर्गनवाल्याने करुण सूर धरून ठेवलाय. पुढच्या चटयांवरच्या बायकांनी शालीचं टोक नाकाशी नेलंय. ती विचारते, "माझं बाळ कुठं आहे?"

तेवढ्यात डाव्या विंगेतून घरगडी येतो. एका पायात चप्पल आहे, दुसरी काखेत. तो थांबतो, कान पुढे करतो.

"बार?"

मग जरा वेळ काहीच नाही. तो नायिकेकडे बघतो, मग आपल्याकडे बघतो, मग पुन्हा नायिकेकडे.

"बाई, बार या जिल्ह्यात नाई. लाखांदूरले जा लागते."

मांडवात जे होतं ते हसणं म्हणजे नुसता आवाज नाही. मागच्या रांगेत झोपलेला माणूस न ऐकलेल्या विनोदावर उठून हसतो आणि मग शेजाऱ्याला विचारतो, "का झालं गा?" मी हा प्रवेश २०१७ च्या हिवाळ्यात देसाईगंज तालुक्यातल्या एका गावात पाहिला. गाव पटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतींचं. धान कापून झालेल्या बांधीत मांडव, खाली तणस आणि तणशीवर चटया. तेव्हापासून हा विनोद माझ्या डोक्यात राहिला आहे. चांगल्या बंदिशीसारखा तो पुन्हा पुन्हा उलगडून बघावासा वाटतो. नऊ शब्दांत एवढं कसं मावलं, हे नीट सांगून पाहतो.

आधी भाषा. झाडीबोलीत ळ नाही. ण नाही, श नाही, ष नाही. पाणी ते पानी आणि डोळा तो डोरा. काळा माणूस कारा होतो. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर या बोलीचा पाठपुरावा केला, तेव्हा कुठे आपल्याकडच्या शिकलेल्या लोकांना पटलं की हे अशुद्ध मराठी नव्हे, हिचे नियम आहेत आणि ती ते पाळते. त्या नियमाने बाळाचं बार व्हायला हवं. पण गंमत पुढेच आहे: झाडीतल्या कुठल्याही घरात तान्ह्या मुलाला कुणी बार म्हणत नाही. लेकरू म्हणतात. म्हणजे घरगड्याने बोलीचा नियम प्रामाणिकपणे, नको तिथपर्यंत नेला. नवशिका वकील कायदा नेतो तसा. प्रेक्षकाला हे एका क्षणात कळतं, कारण नियम त्याच्या जिभेवर आहे आणि अपवादही त्याच्याच जिभेवर आहे. बाहेरच्या माणसाला फक्त बार ऐकू येतो. त्याला अर्धाच विनोद मिळतो, आणि तोही उशिरा.

मग कायदा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा निघाला आणि १९९३ मध्ये तिथे दारूबंदी झाली. लोकांनी, त्यातही बायकांनी, भांडून मिळवलेली. त्यामुळे देसाईगंजच्या मांडवात 'बार' हा शब्द उच्चारला की निम्मा मांडव, म्हणजे बायका, कान टवकारतो आणि उरलेला निम्मा मान खाली घालतो. वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी, तो चंद्रपूर जिल्हा. पूर्वी या असल्या विनोदात 'नदीपल्याड' एवढंच म्हटलं की भागायचं. पण २०१५ मध्ये चंद्रपुरातही बंदी आली आणि नदीपल्याड जाऊन उपयोग राहिला नाही. मग विनोदाला वाट वाकडी करून भंडारा जिल्ह्यात शिरावं लागलं, लाखांदूरला. २०२१ मध्ये चंद्रपूरची बंदी उठली. पुढच्याच मोसमात ब्रह्मपुरीकडच्या एका गावात मी तोच प्रवेश पाहिला. नायिका दुसरी, बाळ दुसरं, घरगडी तोच. त्याने यावेळी कान पुढे केला, "बार?" म्हणाला आणि मागे अंगठा दाखवला: "ह्यो का, बसस्टँडच्या मांगं. आत्ताच उघडला." कुणी हा प्रवेश वर्षावर्षाने लिहून ठेवला असता तर त्यावरून मंत्रिमंडळाचे निर्णय तारीखवार लावता आले असते.

तिसरी गोष्ट त्या थांबण्याची. "बार?" आणि पुढचं वाक्य यांच्यामध्ये तो जे तीनदा बघतो, ते नुसतं वेळ काढणं नव्हे. पहिल्यांदा नायिकेकडे, कारण ती पाहुणी, तिला दुखवायचं नाही. दुसऱ्यांदा आपल्याकडे: ऐकलं ना? तिसऱ्यांदा पुन्हा तिच्याकडे, आता मात्र कीव करून. या वेळेत मांडवातल्या निम्म्या लोकांच्या मनात उत्तर तयार झालेलं असतं. तो फक्त ते मोठ्याने म्हणतो. प्रेक्षकाला विनोद आपणच केला असं वाटायला लावणं ही या मंडळींची खरी कारागिरी. आणि हशा पडेल त्या शब्दावर ऑर्गनवाला करुण सूर तोडत नाही. तो तसाच चालू ठेवतो, म्हणून हसू आणखी फुटतं. या ऑर्गनवाल्याचं नाव जाहिरातीत अगदी खाली, बारीक टायपात असतं. अन्याय आहे.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती या विनोदाची दिशा. पुण्यामुंबईच्या नाटकासिनेमात विदर्भाची बोली कुणाच्या तोंडी असते? हवालदाराच्या, नोकराच्या, नाहीतर भांडखोर शेजारणीच्या. 'बे' आणि 'काऊन' म्हटलं की प्रेक्षागृहाने हसायचं, असा करारच आहे. झाडीपट्टीतही वाटणी वरवर तशीच दिसते: नायक-नायिका प्रमाण मराठीत, गडी बोलीत. मात्र मांडव बोलीतला आहे. दोन हजार माणसं गड्याच्या भाषेत शिंकतात, खोकतात आणि पोरांना दटावतात. त्यामुळे तिथे वेगळी बोलणारी ती एकटी. तिच्या तोंडचा शुद्ध ळ हाच त्या रात्रीचा विचित्र प्राणी. गड्याचं काही चुकत नाही, पाहुणीचं नीट ऐकू येत नाही इतकंच. आणि तरीही तिची टर उडत नाही. तिचं बाळ हरवलं आहे हे तो विसरत नाही. लाखांदूरचा पत्ता तो खऱ्या काळजीने सांगतो. रडणाऱ्या बायका हसून झाल्यावर पुन्हा रडायला लागतात, जिथे सोडलं होतं तिथूनच. एकाही सिनेमाला मी हे साधताना पाहिलेलं नाही.

याचं मूळ नाटकात शोधू नये. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सगळा धानाचा आणि झाडीचा पट्टा आपल्या कलेला नावं देतानाच हसतो. इथल्या एका लोकप्रकाराचं नावच खडी गंमत. उभ्याने करायची गंमत. बसून केली तर बैठी गंमत. कलेला दुसरं उदात्त नाव शोधायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. दंडार या दुसऱ्या लोकप्रकारात शेतकरीच पुरुष आणि शेतकरीच बाई. दाढीचे खुंट लुगड्यावर दिसत असतात आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते.

आणि पोळा. बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या सुरू होतात. बाकीच्या महाराष्ट्राला हा प्रकार ऐकून तरी माहीत असावा. एकजण गद्यपद्याच्या मधल्या चालीत तुकडे म्हणतो, सुरुवात देवाला नमन करून, शेवट महादेवाच्या गजरात, जो सगळा गाव मिळून करतो. दोन्हीकडून देव उभा आहे, म्हणून मधल्या ओळींत काहीही चालतं. सावकार, सरपंच, किराणावाला, रुसलेला जावई, न झालेला रस्ता, कुणाचाही नंबर लागतो. ज्याच्यावर झडती म्हटली जाते तो तिथेच बैलाचा कासरा धरून उभा असतो आणि त्यालाही शेवटी हात वर करून महादेवाचा गजर करावा लागतो. म्हणजे स्वतःवरच्या विनोदाला स्वतःच टाळी. दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा निघतो. रोगराईपासून गावातल्या नकोशा सगळ्या गोष्टींपर्यंत जे जे असेल ते घेऊन जा, असं तिला ओरडून सांगतात. वर्षाची तक्रार वर्षाला मिटवायची ही रीत मला कुठल्याही तक्रारपेटीपेक्षा बरी वाटते.

घरगडी हा झडतीवाल्याचाच रात्रपाळीचा भाऊ. कंपनीची गाडी दुपारी गावात पोहोचते, तेव्हा नायक झोपतो, नायिका मेकअपची पेटी उघडते आणि विनोदी नट पानठेल्यावर जाऊन बसतो. मी एकदा त्याच्या मागोमाग बसलो. त्याने तासाभरात चार गोष्टी विचारल्या: धानाचा चुकारा आला का, डीपी कधीपासून जळाला आहे, सरपंचाला किती मुली, आणि इथला मामा तलाव कुणी फोडला. रात्री चारही गोष्टी रंगमंचावर आल्या. संहितेत एकही नव्हती. धानावरचा 'बोनस' हा शब्द तर तो असा म्हणायचा की जणू कुणाच्या तरी मेलेल्या मामाचं नाव घेतोय. जरा अवघडून, आणि किंचित आशेने.

मामावरून आठवलं. या तलावांचं नाव म्हणजे सरकारी कागदाने नकळत केलेला या मुलखातला सगळ्यात चांगला विनोद आहे. मालगुजारांनी बांधलेले तलाव १९५० नंतर सरकारजमा झाले आणि कागदावर 'माजी मालगुजारी तलाव' झाले. कारकुनाने आळसाने मा. मा. लिहिलं. लोकांनी ते वाचलं आणि तलावाचा मामा झाला. आता सगळ्या पट्ट्यात हजारो मामा आहेत, काही भरलेले, बरेच गाळाने बुजलेले. एका नाटकात घरगडी नायकाला म्हणाला होता की तुझी सोयरीक करायची तर मामाला विचारावं लागेल, पण मामा यंदा आटला आहे. पाऊस कमी झाला होता. मांडवातले लोक हसले आणि नंतर थोडे गप्प झाले. ते गप्प होणंही मी विनोदाच्या हिशेबात धरतो.

तसंच वाघाचं. नाटक दहाला सुरू होतं आणि पहाटे पाचला संपतं. एवढं लांब का, तर कलेपेक्षा रस्त्यामुळे. ताडोब्यापासून ब्रह्मपुरी, सिंदेवाहीपर्यंतच्या रानात अंधारात घरी जाणं शहाणपणाचं नाही. दिवस उजाडेपर्यंत लोकांना धरून ठेवणं ही कंपनीची जबाबदारीच म्हणा. चारच्या सुमारास दोघेतिघे जांभया देत उठतात. घरगडी अंक थांबवतो. "जा गा, जा. वाटेत तो बसून हाय. त्याले सांगजा, मी पाठवलं म्हणून." लोक पुन्हा खाली बसतात. त्याने नाव घेतलं नाही हे लक्षात घ्या. या भागात कित्येक घरांत 'तो' येऊन गेलेला आहे, आणि मोहफुलं वेचायला गेलेली बाई परतली नाही अशी बातमी दर उन्हाळ्यात येते. म्हणून इथे हसू आखूड असतं. नटही ते लांबवत नाही, लगेच गाणं घेतो. कुठे थांबायचं हे कळणं मी अभिनयाच्या आधी मोजतो.

मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास ओसरतो. धान निघालेलं, हातात थोडा पैसा, पाहुणे येण्याजोगी थंडी. पटाच्या गावी जावई बोलावले जातात, सोयरिकी ठरतात. मधली काही वर्षं, २०१४ पासून, बैलांच्या शर्यतींवर बंदी होती. पट बैलांशिवाय भरले, पण नाटकं थांबली नाहीत. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तेव्हा एका गड्याने रंगमंचावरून बैलांचं स्वागत केलं: "सात वर्षं तुमचं काम आमीच केलं गा." होळीनंतर मोह आणि मग मे महिन्यात तेंदूपत्ता, पहाटे तीनला उठून रानात जायचं असतं, नाटकासाठी पहाटे तीनपर्यंत जागणारं कोण उरणार? शिवाय ऊन. चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर गेला की पेपरात फोटो येतो, आणि शहरातला माणूस तो वाचून यंदा अकोल्याला मागे टाकलं का हे आधी बघतो. दुःखातही पहिला नंबर सुटू नये.

या पट्ट्याला देशाने अलीकडे ओळखलं ते एका विनोदी नटामुळेच. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या नावावर ५००० प्रयोग आणि ८०० भूमिका सांगितल्या जातात. त्यांच्या यादीत अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' आहे आणि गडकऱ्यांचं 'एकच प्याला'ही आहे. हे दुसरं नाटक १९१९ चं. शंभर वर्षांचं होऊनही ते दारूबंदीच्या जिल्ह्यात रात्रभर चालावं, आणि त्यातल्या दारुड्या तळीरामाच्या मंडळाची घटना ऐकून कायदा पाळणाऱ्या लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, हे गडकऱ्यांना फार आवडलं असतं असं माझं मत आहे. आणखी एक: ळ नसलेल्या बोलीत त्या पात्राचं नाव तरीराम होतं. विदर्भात रस्सा झणझणीत लागण्यासाठी जी तर्री असते तिच्याशी याचा संबंध नाही, पण लागतो खरा.

सगळंच गोड आहे असं नाही. गेली काही वर्षं विनोदी प्रवेश चाळीस-चाळीस मिनिटं ताणले जातात. टीव्हीवरचे कार्यक्रम जसेच्या तसे उचलले जातात, जाड्या बाईवर आणि तोतऱ्या माणसावर तेच ते होतं. दुहेरी अर्थाच्या ओळी इतक्या एकेरी झाल्या आहेत की त्यांत शोधायला काही उरत नाही. मी एकदा एका मांडवातून पहाटे दोनलाच उठून गेलो, 'तो' वाटेत असेल हे ठाऊक असूनही. कंपन्यांच्या मालकांचं म्हणणं असतं की लोकांना हेच हवं. मला ते मान्य नाही. लोकांना हे चालतं, एवढंच. ज्या रात्री घरगड्याने पानठेल्यावर तास घालवलेला असतो त्या रात्री काय हवं असतं ते मांडव सांगतोच.

शिवाय प्रॉम्प्टरचं काय करायचं? तालमी कमी, नाटकं जास्त, म्हणून विंगेत तो पुस्तक धरून बसलेला. पुढच्या पाच रांगांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. जाणकार नट हेही वाया जाऊ देत नाहीत. नायक वाक्य विसरला की घरगडी विंगेकडे वळून म्हणतो, "मालक, पुन्ना एकदा सांगा, यायले ऐकू नाई आलं." त्याने नायकाला वाचवलं की बुडवलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता त्या बाळाचा शेवट. गेल्या जानेवारीत मी देसाईगंजलाच गेलो. गावाचं नाव देसाईगंज आणि स्टेशनचं नाव वडसा, त्यामुळे उतरलेला नवखा माणूस पहिली पाच मिनिटं आपण चुकलो असं समजून उभा असतो. मी सवयीने थेट मांडवात गेलो. नाटक तेच. नायिका पुण्याकडचीच, पण या भागातला हा तिचा तिसरा मोसम. पावणेतीनला ती मध्यावर आली. ऑर्गनवाल्याने सूर धरला. डाव्या विंगेत चप्पल काखेत घेऊन घरगडी तयार होता, मला दिसत होता.

ती म्हणाली, "माजं लेकरू कोटी हाय?"

घरगडी आत आला. कान पुढे केला. मग तो कान तसाच पुढे राहिला. त्याने नायिकेकडे बघितलं, आपल्याकडे बघितलं, आणि शेवटी विंगेकडे. प्रॉम्प्टर गप्प. त्याच्या पुस्तकातही हे नव्हतं. मांडव त्याच्याकडे बघून हसायला लागला आणि थांबेचना. बाजूच्या म्हातारीने मला कोपर मारून विचारलं, "याले का झालं बाप्पा?" पहिल्यांदाच त्याच्याकडे बोलायला काही नव्हतं. अखेर त्याने काखेतली चप्पल खाली ठेवली, पायात घातली आणि बाळ शोधायला निघून गेला.

सापडलं. पाच वाजून दहा मिनिटांनी.